न्यायसहायक मानसशास्त्राचे परदेशातील शिक्षण

न्यायसहायक मानसशास्त्र ही मानसशास्त्राची उपयोजित शाखा असून तिचा संबंध गुन्हेतपास, न्यायालय आणि कारागृह यांच्याशी येतो. आरोपीची मानसिक स्थिती, साक्षीदाराच्या स्मृतीची विश्वासार्हता आणि पुन्हा गुन्हा घडण्याचा धोका हे तिचे प्रमुख अभ्यासविषय होत. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी 1908 मध्ये साक्षीदारांच्या स्मृतिदोषांवर लिहिलेले पुस्तक या शाखेच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक मानले जाते.

ब्रिटनमध्ये 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' ही कायद्याने संरक्षित उपाधी आहे. एका वर्षाची एम.एस्सी. पदवी मिळाली म्हणजे ही उपाधी लावता येते, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो; तो चुकीचा आहे. ब्रिटिश मानसशास्त्र संघटनेची मान्यता असलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमानंतर किमान दोन वर्षे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते, अथवा व्यावसायिक डॉक्टरेट करावी लागते. त्यानंतरच नोंदणी होते. भारतातील पदवी त्या संघटनेच्या निकषांत बसते की नाही, हे प्रवेशापूर्वीच तपासणे आवश्यक ठरते, कारण न बसल्यास वेगळा पूरक अभ्यासक्रम करावा लागतो. अमेरिकेत स्वतंत्र व्यवसायासाठी साधारणतः डॉक्टरेट आणि संबंधित राज्याचा परवाना लागतो. तेथील मानसशास्त्र संघटनेने 2001 मध्ये या शाखेला विशेषज्ञतेचा दर्जा दिला.

परतणाऱ्या विद्यार्थ्यापुढील अडचण निराळी आहे. भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करते. न्यायसहायक मानसशास्त्रज्ञ असा स्वतंत्र वर्ग तिच्याकडे नाही. शिवाय परदेशात शिकलेला कायदा येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. मनोविकलतेच्या बचावाचे भारतीय दंड संहितेतील कलम 84 (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 22) 1843 च्या इंग्लंडमधील मॅकनॉटन नियमांवर आधारलेले असले, तरी त्याचा अर्थ येथील न्यायनिर्णयांतूनच समजून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत परिचित उदाहरण रामन राघवचे आहे. मुंबईतील हत्यासत्रानंतर 1968 मध्ये त्याला अटक झाली व 1969 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पुढे तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासून दीर्घकालीन छिन्नमनस्कतेचे निदान केले. त्याची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. हे निदान मनोविकारतज्ज्ञांनी, म्हणजे वैद्यकीय पदवीधरांनी केले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मानसशास्त्रज्ञांचा सहभाग प्रामुख्याने चाचण्यांच्या निमित्ताने वाढला. 2008 मध्ये पुण्यातील न्यायालयाने एका खून खटल्यात दोषसिद्धीसाठी मेंदूतील विद्युत लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. त्यावर परदेशातही टीका झाली. त्यानंतर 5 मे 2010 रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा ठरत नाही; मात्र तिच्या आधारे नंतर सापडलेली वस्तू किंवा माहिती पुराव्यात येऊ शकते.