साडेतीन तास पुढे: टोकियोत एकटीचा वेळ

आजचा भाग टोकियोवर आहे, पण 'ही दहा ठिकाणं चुकवू नका' टाइपचा नाही. तसले व्हिडिओ ढिगाने आहेत. मला बोलायचंय ते एकटं फिरताना जो मोकळा वेळ हातात येतो, त्याबद्दल. कारण परत आल्यापासून सगळ्यांचा प्रश्न एकच: "आठ दिवस एकटी? बोअर नाही झालं?"

आधी घड्याळाचं गणित. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे टोकियोत सकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात साडेतीन वाजलेले असतात, पहाटेचे. अख्खं घर झोपलेलं. ऑफिसचा ग्रुप झोपलेला. सोसायटीचे 'शुभ सकाळ'वाले काकासुद्धा झोपलेले! व्हॉट्सअॅपवर एकही निळा ठिपका नाही. आणि मी गेले होते मेच्या शेवटी. तेव्हा तिथे सूर्य उगवतो साडेचारच्या सुमारास. दुकानं बहुतेक दहा-अकराला उघडतात. मधले पाच-सहा तास लख्ख उजेड असतो आणि तुमच्याकडे कुणाचंच काही काम नसतं.

दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण आपल्याकडे असा वेळ मिळतच नाही. बाथरूममध्ये दहा मिनिटं जास्त लागली तरी बाहेरून आवाज येतो, "झालं का?" त्यात मुलगी असाल तर 'नुसती बसलीये' हे वाक्य घरात तक्रार म्हणूनच बोललं जातं.

त्या सकाळी मी काय केलं? मेइजी जिंगूला गेले. हे मंदिर सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं, म्हणजे त्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. भोवती जवळपास ७० हेक्टरचं दाट जंगल आहे. ते मूळचं नाही बरं का! १९२०मध्ये मंदिर उभं राहिलं, त्या सुमारास देशभरातून लोकांनी दान दिलेली सुमारे एक लाख झाडं तिथे लावली होती. हाराजुकूसारख्या गजबजलेल्या स्टेशनला लागून हे आहे, यावर आत गेल्यावर विश्वास बसत नाही. सकाळी फक्त खड्यांवरून चालणाऱ्या पावलांचा आवाज येतो. मी दोन तास बसले. फोटो काढले चार.

आता जेवणाचा मुद्दा. एकटीने फिरताना खरी धाकधूक तिथेच असते. आपल्याकडे हॉटेलात शिरलं की "किती जण?" आणि "एकच" म्हटलं की वेटरचा चेहरा बघा. चार जणांचं टेबल अडणार म्हणून तो आपल्याला कोपऱ्यात ढकलतो. टोकियोत असंख्य छोट्या हॉटेलांत टेबलांपेक्षा काउंटरच्या खुर्च्याच जास्त असतात. कित्येक रामेनच्या दुकानांत दारातच मशीन असतं. पैसे टाका, चित्राचं बटण दाबा, कुपन घ्या, काउंटरवर ठेवा. एक शब्दही न बोलता जेवण समोर येतं. (शाकाहारी मंडळींनी जरा जपून, नुसत्या भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असू शकतो.) एकट्या गिऱ्हाईकाला तिथे शब्दच आहे, 'ओहितोरिसामा'. 'हितोरी' म्हणजे एकटा माणूस, आणि पुढेमागे आदराचे प्रत्यय. आपल्या भाषेत 'एकटेराव' म्हणा हवं तर! एकट्याने गाण्याच्या कराओके खोल्याही मिळतात.

ट्रेनमध्येही तेच. यामानोते लाइन शहराभोवती गोल फिरते. ३० स्टेशनं, साडेचौतीस किलोमीटर, एका फेरीला साधारण तासभर. डब्यात फोनवर बोलणं असभ्य समजतात, त्यामुळे भरलेल्या गाडीतही शांतता असते. विरारच्या लोकलमधून जाणाऱ्यांना हे पटणार नाही, पण त्या गर्दीत मला पुस्तकाची तीस पानं वाचता आली.

पण चौथ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. संध्याकाळी दुकानात 'आरिगातो' म्हणायला तोंड उघडलं तर आवाज खरखरीत आला. सकाळपासून मी एक शब्द बोललेच नव्हते. तोपर्यंत जी शांतता आवडत होती, ती त्या रात्री हॉटेलच्या खोलीत अंगावर आली. खोली कसली, सुटकेस उघडली की दार उघडत नाही एवढी ती जागा.

इथे दुसरी बाजू सांगायलाच हवी. २०२०च्या जनगणनेत जपानमधल्या सुमारे ३८ टक्के घरांत एकच माणूस राहत होता. टोकियोत तर जवळपास निम्म्या घरांत. एकट्याने घरात मरण येणं आणि ते बरेच दिवस कुणाला न कळणं, यालाही तिथे शब्द आहे, 'कोदोकुशी'. फेब्रुवारी २०२१मध्ये सरकारने एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. म्हणजे जी काउंटरची खुर्ची मला मोकळीक वाटत होती, ती शेजारच्या कुणाला तरी रोजचीच होती, आणि त्याच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं. माझ्या हॉटेलच्या गल्लीत एक जुनं कॉफीचं दुकान होतं, तिथे त्यांना 'किस्सातेन' म्हणतात. रोज सकाळी एक आजोबा येत. मालकीणबाई न विचारता कॉफी, टोस्ट आणि अंडं पुढे ठेवत. दोघांत दोन वाक्यं व्हायची. पाचव्या दिवसापासून मीही तिथेच जाऊ लागले. सातव्या दिवशी माझी कॉफीही न विचारता आली, आणि आजोबांनी मान हलवली. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद याचा झाला.

म्हणून, जाणार असाल तर रोज नवं ठिकाण शोधू नका, एक जागा ठरवून रोज तिथेच जा. घरच्या फोनचीही वेळ आधीच बांधून घ्या. आई रात्री दहाला, सीरियल संपल्यावर फोन करते, तेव्हा टोकियोत दीड वाजलेला असतो. आम्ही साडेसहा ठरवली, तिची देवापुढे दिवा लावायची वेळ. माझे तेव्हा रात्रीचे दहा. दहा मिनिटं मनापासून बोलायचं आणि बाकी दिवसभर 'पोचलीस का?' नाही.

आणि मराठी ऐकायची फारच तल्लफ आली तर निशी-कासाईला जा. एदोगावा भागात आहे, भारतीय कुटुंबं भरपूर. २०१९मध्ये योगेंद्र पुराणिक याच एदोगावाच्या सभेवर निवडून आले होते. मी सहाव्या दिवशी गेले. किराणा दुकानात पोह्यांचं पाकीट हातात घेतलं आणि मागून आवाज आला, "पुण्याच्या का तुम्ही? कुठे, कोथरूड?" पुढचा पाऊण तास एकांत वगैरे सगळं गुंडाळून ठेवलं.

तुम्ही एकटे कुठे गेला होतात, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.