एक लाइन, तिघांचा डेटा: कुणाला किती?

परवा मी एपिसोड अपलोड करत होतो आणि तिकडे ताईचा ऑनलाइन इंटरव्ह्यू अडकायला लागला. ती ओरडली, “अरे, लाइन काय तुझ्या एकट्याची आहे?” मी अपलोड थांबवलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. सगळ्यांची लाइन वाटायची कशी?

समजा, एकापुढे एक अशा दोन लाइन आहेत, प्रत्येकी १२ एमबीपीएसची. मला दोन्ही लागतात, ताईला फक्त पहिली, तुम्हाला फक्त दुसरी.

एकूण वेग जास्तीत जास्त हवा? मग तुम्हा दोघांना १२-१२, मला शून्य. बेरीज २४, पण मी उपाशी! सगळ्यांना समान? ६-६-६. बेरीज १८.

केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९०च्या दशकात मधली वाट मांडली: तिघांच्या वेगांचा गुणाकार सर्वात मोठा होईल, असं वाटा. मला ४, तुम्हाला ८-८, बेरीज २०. एकाचाही वाटा शून्य झाला, तर गुणाकारच शून्य! म्हणून उपाशी कुणीच राहत नाही; फक्त दोन लाइन अडवणाऱ्याला थोडं कमी मिळतं.

गंमत म्हणजे, हे वाटप करायला वर कुणी साहेब लागत नाही. केलींनी दाखवलं, की गर्दीचा इशारा मिळताच प्रत्येकाने आपला वेग आवरला आणि मोकळं दिसताच हळूहळू वाढवला, तरी गाडी याच वाटपावर येते.

थोडक्यात काय, तर आपण जरा आवरलं की सगळ्यांचं चालतं. ताईचा इंटरव्ह्यू पार पडला. एपिसोड तासभर उशिरा आला, तेवढं सांभाळून घ्या!