दांतांवरचा आळ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या आठ महिन्यांच्या नातीस जुलाब सुरू झाले, तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं एकमुखानें निदान केलें, "दांत येताहेत." त्या मतास शास्त्राधार पुरविण्याचें पाप मात्र प्रस्तुत लेखकाचें. दंतोद्भव हें सर्वच रोगांचें कारण होय, असें वाग्भटाचार्यांनीं 'अष्टांगहृदयां'त म्हटलें आहे. हे विकार दांत आल्यावर आपोआप शमतात, असेंही पुढें सांगितलें आहे. तें मीं मोठ्या ऐटींत सूनबाईंस ऐकविलें. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशीं पोरीची टाळू बसली, सहा तास दुपटें कोरडें राहिलें, रडतांना डोळ्यांत पाणी येईना. सूनबाईंनीं कोणास न विचारतां तिला उचललें व इस्पितळ गाठलें. शिरेंतून सलाईन द्यावें लागलें, मुलगी वांचली.

डॉक्टरांनीं समजाविलें तें असें: दांत येतांना लाळ गळते, हिरडी सुजते, मूल किरकिरतें व हातीं लागेल तें चावतें, अंग किंचित् कोमट लागतें. परंतु १००.४ अंशांवर ताप वा पातळ जुलाब हे दांतांचे नव्हेत. सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ति ओसरूं लागते, वरचें अन्न सुरू होतें आणि रांगतें मूल जमिनीवरची प्रत्येक वस्तु तोंडांत घालतें. दांतही नेमके तेव्हांच येतात, म्हणून आळ त्यांवर! अशा वेळीं अंगावरचें दूध चालू ठेवून जलसंजीवनी चमच्याचमच्यानें पाजावी आणि डॉक्टर गांठावा.

टांकणखाराची लाही मधांत खलून हिरड्यांस चोळण्याची आपली जुनी चाल तर सोडलीच पाहिजे. टांकणखार अर्भकास विषारी आहे, आणि वर्षाच्या आंत मध देणेंही धोक्याचें. हिरड्या बधिर करणारीं मलमें नकोत. स्वच्छ, गार, ओलें फडकें चावावयास द्यावें, तेवढें पुरतें.

बहुधा खालचे पुढचे दोन दांत प्रथम येतात. आमच्या नातीचे वरचे आधीं आले, तेव्हां मामावर संकट म्हणून कुजबूज झाली. मामा पेढे घेऊन आला!

पहिला दांत दिसतांच मऊ ब्रश व तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट, दिवसांतून दोनदां. आणि तोंडांत दुधाची बाटली ठेवून झोंपविणें बंद. दुधाचे दांत पडावयाचेच, मग किडेनात कां, असें म्हणणारे आहेत. पण किडलेल्या दांताचा ठणका मुलास जेवूं देत नाहीं. नातीचे दांत सूनबाई स्वतः घासतात. मला अद्याप ब्रश हातीं मिळालेला नाहीं.