एका डीपीखालची घरे

म्हैसूरला गेलेला मराठी पर्यटक रविवारी संध्याकाळी सातला राजवाड्यासमोर उभा असतोच. जवळपास लाखभर दिवे एकदम लागतात आणि पटांगणभर 'वा!' उमटते. विजेशी या भागाचे नाते जुने. शिवनसमुद्रम धबधब्यावरची वीज 1902 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली, 1908 मध्ये ती म्हैसूर शहरात आली. पण मला राजवाड्याच्या रोषणाईहून मोलाचे वाटते ते इथल्या साध्या घरांच्या विजेवर झालेले काम. ते करणाऱ्या चामुंडेश्वरी विद्युत पुरवठा निगमचे मुख्य कार्यालय विजयनगरच्या दुसऱ्या स्टेजमध्ये, हिनकलला आहे. म्हैसूर, मंड्या, हासन, कोडगू आणि चामराजनगर हे पाच जिल्हे या कंपनीकडे आहेत.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्मार्ट ग्रिडचे प्रायोगिक प्रकल्प देशभरातून निवडले, त्यांत म्हैसूर होते. मंजूर खर्च 32.59 कोटी रुपये, त्यातला निम्मा केंद्राचा. प्रकल्पात 21,824 ग्राहक, 14 फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या) आणि 473 डीपी, म्हणजे गल्लीतली वितरण रोहित्रे. एका डीपीवर सरासरी 46 जोडण्या. हा आकडा मला फार बोलका वाटतो. या 46 जणांनी कधी सभा घेतलेली नसते, तरी ते रोज एकच वस्तू वाटून वापरत असतात.

हिशेबापुरते धरा, सकाळी साडेसहाला सगळ्या घरांनी दोन किलोवॅटचे गीझर लावले. झाले 92 किलोवॅट. 100 केव्हीएची डीपी तेवढ्यानेच भरत आली. पाण्याचा पंप, मिक्सर, इस्त्री अजून बाकीच. शेवटच्या खांबावरच्या घरात दिवा मंदावतो, जास्त ताण आला की फ्यूज उडतो आणि ज्याने गीझर लावलाच नव्हता तोही अंधारात बसतो. म्हणून गच्चीवरचा सौर बंब ही निव्वळ घरगुती बचत नव्हे. शेजाऱ्यांसाठी तेवढी जागा मोकळी होते. कर्नाटकात अशा घरांना वर्षानुवर्षे युनिटमागे 50 पैसे सूट मिळत आली, आणि ती योग्यच होती.

अशा प्रकल्पातल्या स्मार्ट मीटरने दोन गोष्टी साधता येतात. डीपीवरच्या मीटरची नोंद आणि तिच्याखालच्या घरांची बेरीज शेजारी ठेवली की गळती वा चोरी कुठे आहे ते कळते. दुसरे, टंचाईत अख्खा फीडर बंद करण्याऐवजी प्रत्येक घराला मर्यादा घालता येते. दिवे आणि फ्रिज चालू राहतात, गीझर थांबतो. ज्यांनी महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षे काढली त्यांना यातला फरक सांगायला नको.

याच प्रकल्पात 512 शेतीपंपही होते आणि शेतकऱ्यांसाठी सामुदायिक पोर्टलची योजना होती. एकत्र वीज वापरणाऱ्यांनी तिची माहितीही एकत्र पाहावी, ही कल्पना मला सर्वांत आवडते, आणि ती शहरातल्या वसाहतींनाही लागू व्हावी असे वाटते. सौर पॅनेल असलेल्या घराची दुपारची जादा वीज लांब जात नाही, बहुतेक वेळा शेजारच्याच घरात वापरली जाते; पण दोघांच्या बिलांत एकमेकांचा मागमूस नसतो. सामायिक पोर्टलवर तो दिसू शकेल.

आपल्याकडे स्मार्ट मीटरवरचा सगळा वाद बिलाभोवती फिरतो. बिलाची शंका रास्तच आहे. पण सोसायट्यांनी आणखी एक मागणी लावून धरावी: आमच्या डीपीवर कोणत्या तासाला किती भार येतो, तो आकडा दर महिन्याला आम्हाला द्या. कुणाच्याही घराचा तपशील नको, फक्त बेरीज. तो तक्ता हाती आला की पाण्याचा पंप कधी लावायचा आणि गाड्यांचे चार्जिंग रात्री किती वाजता सुरू करायचे, हे कमिटीच्या एका बैठकीत ठरू शकेल.