केमोच्या रात्री पडणारे प्रश्न

मी कर्करोग विभागात समुपदेशन करते. परवा एक काकू हळूच म्हणाल्या, "मॅडम, तोंड आलं होतं, तर रात्री फोनवरच्या चॅटबॉटला विचारलं. तुम्हाला सारखा किती त्रास द्यायचा?"

पेशंटना यंत्राची उत्तरं पटतील का? फ्रान्समध्ये याची चाचणी झाली आहे.

'विक' हा तिथला स्तनाच्या कर्करोगासाठीचा चॅटबॉट. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १४२ रुग्ण होते. निम्म्यांना विकची उत्तरं दाखवली, निम्म्यांना डॉक्टरांची. उत्तर कुणाचं, हे मात्र सांगितलं नाही.

विकच्या गटात ६९ टक्के रुग्ण समाधानी होते, डॉक्टरांच्या गटात ६४ टक्के. फरक छोटा आहे, त्यामुळे बॉट डॉक्टरांपेक्षा सरस, असं म्हणता येणार नाही. शिवाय दोन्हीकडे उत्तरं लेखीच होती. समोर बसून धीर देणारं माणूस नव्हतं.

माझा अनुभव सांगते. केस कधी गळतील, पथ्य काय, शरीरसंबंध ठेवले तर चालतील का, हे शेवटचं तर नवऱ्यासमोर कुणी विचारतच नाही. असे प्रश्न फोनला सहज विचारले जातात. स्कॅनचा रिपोर्ट मात्र सगळ्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचा असतो, आणि ते योग्यच आहे.

एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर चॅट करत बसू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग झपाट्याने जिवावर बेतू शकतो. मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटलला फोन लावा.

तुमच्या घरी कुणी असा चॅटबॉट वापरतंय का? काय विचारतात? जरूर लिहा, शंका असतील तर त्याही विचारा.