एरर ३२१ आणि चाहत्यांचं कुतूहल

४ फेब्रुवारी २०२४. ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि टेलर स्विफ्टची अधिकृत वेबसाइट कोलमडल्यासारखी दिसत होती. ‘एरर ३२१, बॅकएंड फेच फेल्ड’ असा संदेश आणि त्याबरोबर काही निरर्थक इंग्रजी अक्षरं. जगभरचे चाहते ते पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते.

वेबचं तंत्र ज्यांना ठाऊक होतं, त्यांना त्या संदेशातली गंमत लगेच कळली. लोकप्रिय वेबसाइटचं पान दर वेळी मूळ सर्व्हरवरून येत नाही. दुकानात रोज खपणारा माल पुढे मांडलेला असतो आणि बाकीचा साठा मागच्या गोदामात. तसाच पुढचा ‘कॅश’ सर्व्हर पानाच्या तयार प्रती देत राहतो आणि प्रत नसेल किंवा शिळी झाली असेल तरच मागच्या सर्व्हरकडे मागणी पाठवतो. मागून काहीच आलं नाही, की ‘बॅकएंड फेच फेल्ड’ असा संदेश दिसतो. पण त्याच्यासोबत एरवी आकडा असतो ५०३. वेबच्या नियमावलीत सर्व्हरच्या बिघाडाचे आकडे ५ने सुरू होतात, चुकीच्या मागणीचे ४ने. सर्वांच्या ओळखीचा ४०४ त्यातलाच. ३ने सुरू होणारे आकडे बहुतेक ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्यासाठी असतात. त्यातला ३२१ तर कशासाठीच नेमून दिलेला नाही. म्हणजे हा बिघाड कुणीतरी विचारपूर्वक रचला होता. विस्कटलेली अक्षरं चाहत्यांनी जुळवली तेव्हा ‘रेड हेरिंग’, म्हणजे दिशाभूल करणारा धागा, असे शब्द निघाले. त्याच रात्री पुरस्कार स्वीकारताना टेलरने ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ या नव्या अल्बमची घोषणा केली.

कलाकाराची वेबसाइट म्हणजे छायाचित्रं, दौऱ्याच्या तारखा आणि टी-शर्टचं दुकान, असा आपला समज असतो. देखणेपणा महत्त्वाचा आहेच. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात गिटे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये दाखवून दिलं, की एखादं वेबपान आकर्षक आहे की नाही याबद्दलचं मत अवघ्या ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात बनू शकतं. पण ते झालं पहिलं मत. त्यानंतर माणूस तिथे थांबतो, परत येतो, चार जणांना सांगतो, ते का? माझ्या मते प्रतिमा घडते ती चाहत्याच्या श्रमातून, आणि हुशार कलाकारांची वेबसाइट त्या श्रमाला जागा देते.

कुतूहलाचा मेंदूत शोध घेणारे प्रयोग इथे उपयोगी पडतात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २००९मध्ये लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. उत्तर जाणण्याची उत्सुकता जितकी जास्त, तितका कॉडेट न्यूक्लियस हा भाग अधिक सक्रिय होता. बक्षिसाच्या अपेक्षेनेही हाच भाग जागा होतो. उत्तरासाठी लोक वाट पाहायला आणि हातातली मोजकी टोकन खर्च करायलाही तयार होते. २०१४मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने आणखी एक धागा जोडला. उत्तराची वाट पाहत असताना मध्येच एखादा अनोळखी चेहरा दाखवला, तर उत्सुकता शिगेला असताना पाहिलेले चेहरे लोकांच्या अधिक लक्षात राहत. त्या चेहऱ्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. कोडं सोडवताना डोळ्यांसमोर असलेला रंग, अक्षरांचं वळण, चिन्ह हेही असंच मनात उतरत असेल, असा माझा तर्क आहे.

चाहत्याला असं सामील करून घेण्याचा पाया गायक डेव्हिड बोवीने फार लवकर घातला होता. १ सप्टेंबर १९९८ला त्याने अमेरिकेत ‘बोवीनेट’ सुरू केलं. ती केवळ वेबसाइट नव्हती, इंटरनेटची जोडणी पुरवणारी सेवाच होती. महिन्याला १९.९५ डॉलर भरले की चाहत्याला बोवीच्या नावाचा ईमेल पत्ता मिळे आणि स्वतःचं पान तयार करायला जागाही. स्वतः बोवी ‘सेलर’ या टोपणनावाने तिथल्या गप्पांत सामील व्हायचा. १९९९च्या ‘अवर्स’ अल्बममधल्या एका गाण्याचे शब्द त्याने चाहत्यांच्या स्पर्धेतून निवडले. दूरचित्रवाणीवरच्या चेहऱ्यांशी प्रेक्षकांचं एकतर्फी नातं जडतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या समाजशास्त्रज्ञांनी १९५६मध्येच मांडलं होतं. बोवीने त्या एकतर्फी नात्यात उत्तराची शक्यता आणली. गप्पांतला अनोळखी माणूस खरोखर तोच असू शकतो, एवढंच चाहत्यांना परत यायला पुरेसं होतं. मुखवटे बदलत आलेल्या या कलाकाराची ‘उद्याचा माणूस’ ही प्रतिमा जाहिरातीपेक्षा या कृतीने पक्की केली, असं मला ठामपणे वाटतं.

त्याहून विलक्षण प्रयोग ‘नाइन इंच नेल्स’ या बँडचा. २००७च्या दौऱ्यातल्या टी-शर्टवर काही अक्षरं इतरांपेक्षा ठळक छापलेली होती. ती जोडली की एका वेबसाइटचा पत्ता तयार व्हायचा. तिथून पुढे एकेक वेबसाइट सापडत गेली. सगळ्या जणू भविष्यातल्या हुकूमशाही अमेरिकेतून आलेल्या. लिस्बनच्या कार्यक्रमात स्वच्छतागृहात एक यूएसबी ड्राइव्ह सापडला, त्यात अप्रकाशित गाणं होतं. गाण्याच्या शेवटी नुसती खरखर ऐकू येई. चाहत्यांनी तिचा स्पेक्ट्रोग्राम काढला.

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र. फूरिये रूपांतर नावाच्या गणिताने आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांमध्ये विभागला जातो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर कंपनसंख्या आणि जिथे आवाज जोरदार तिथे उजळ ठिपका. हीच प्रक्रिया उलटी चालवता येते. आधी चित्र घ्यायचं आणि त्याच्या ठिपक्यांप्रमाणे सूर रचायचे. कानाला खरखर, डोळ्याला आकृती. त्या खरखरीतून आकाशातून खाली झेपावणारा एक प्रचंड हात दिसला, आणि भौतिकशास्त्राच्या वर्गात कंटाळलेल्या कित्येकांनी त्या दिवसांत फूरियेचं गणित आपणहून शोधून वाचलं असेल.

स्वतः शोधलेली गोष्ट एवढी प्रिय का वाटते, याचं उत्तर मायकल नॉर्टन आणि सहकाऱ्यांच्या २०१२च्या अभ्यासात आहे. लोकांनी स्वतः घडी घालून केलेल्या ओबडधोबड ओरिगामीची किंमत जवळजवळ तज्ज्ञांच्या कलाकृतींइतकी लावली. पण काम अर्धवट राहिलं, की ही ओढ विरते. म्हणून कोडं कठीण हवं आणि सुटणारंही हवं.

रेडिओहेड या बँडने मात्र कोड्याऐवजी शून्य वापरलं. १ मे २०१६ला त्यांच्या वेबसाइटची अपारदर्शकता दिवसभर हळूहळू कमी होत गेली आणि शेवटी कोरं पांढरं पान उरलं. समाजमाध्यमांवरच्या त्यांच्या जुन्या नोंदीही गेल्या. दोन दिवसांनी नवं गाणं आलं आणि आठवड्याभरात अल्बम. (पुढच्याच वर्षी टेलर स्विफ्टनेही ‘रेप्युटेशन’ अल्बमआधी आपली वेबसाइट काळी करून टाकली.) फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या प्रवाहात एखाद्याचं मौन दिसतच नाही, कारण ती जागा लगेच दुसऱ्याची नोंद भरून काढते. स्वतःच्या पत्त्यावरचं मौनच नजरेत भरतं.

रेडिओहेडचं पान कोरं झालं त्याच सुमारास ब्रिटनमधल्या काही चाहत्यांच्या दारात टपालाने गूढ पत्रकं येऊन पडली होती. त्यांनी पूर्वी बँडच्या दुकानातून काही ना काही मागवलं होतं, त्यामुळे पत्ते बँडकडे होते. इथे माझी काळजी सुरू होते. २००७मध्ये याच बँडने ‘इन रेनबोज’ हा अल्बम ‘हवी ती किंमत द्या, हवं तर शून्य’ म्हणत दिला, पण तो उतरवून घ्यायला ईमेल आणि इतर तपशील भरावे लागत. अधिकृत वेबसाइटवर जमणारी अशी माहिती थेट चाहत्याकडून आलेली असते आणि म्हणूनच फार मोलाची. कोण कुठे राहतो, काय विकत घेतो, कुठल्या पानावर किती वेळ थांबतो, हे सगळं त्यात येतं. प्रेमापोटी दिलेल्या या माहितीचं पुढे काय होतं, हे तेरा-चौदा वर्षांच्या चाहत्याला सोप्या शब्दांत सांगणारी वेबसाइट मला अजून दिसलेली नाही. ती असायला हवी, आणि ती करून दाखवण्याची ताकद या कलाकारांकडे नक्कीच आहे.

दुसरी काळजी जतनाची. बोवीनेटची इंटरनेट सेवा २००६मध्ये बंद झाली. मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९मध्ये कबूल केलं, की सर्व्हर बदलताना लोकांनी तिथे चढवलेलं बारा वर्षांचं संगीत नष्ट झालं. चाहत्यांनी आणि होतकरू बँडनी मिळून उभं केलेलं एवढं काम कुणाच्याच ताब्यात राहिलं नाही. रेडिओहेडने जानेवारी २०२०मध्ये ‘रेडिओहेड पब्लिक लायब्ररी’ उघडली, हे म्हणूनच मला मोठं पाऊल वाटतं. कार्यक्रमांच्या चित्रफिती, दुर्मिळ ध्वनिमुद्रणं, आणि त्यांच्या जुन्या वेबसाइटची त्या त्या काळातली रूपंही तिथे ठेवली आहेत. चाहत्याला आपलं छायाचित्र लावून सभासदपत्र तयार करता येतं; त्यावर त्याचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो.