खारपाणपट्ट्यातली आठशे

भातकुलीत जुनी मारुती 800 घ्यायला निघालेला माणूस आधी मीटर बघतो, मग रंग बघतो, मग सीटवर बसून हॉर्न वाजवतो. जाणता मिस्त्री मात्र इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडतो आणि आत बोट घालतो. बोटाला तांबूस गाळ लागला, झाकणाखाली पांढरी खपली दिसली, की तो मालकाकडे वळतो.

"भाऊ, याच्यात पाणी कायचं टाकत होते?"

"बोअरचंच तं."

इथेच गाडीचा भाव निम्मा होतो. निदान व्हायला हवा.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली आठशेहून अधिक गावं पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतात. भातकुली तालुका त्यातलाच. इथलं जमिनीतलं पाणी माणूस पीत नाही, पिकाला देताना शेतकरी दहादा विचार करतो. गाडीला मात्र ते बिनदिक्कत पाजलं जातं. पाणी तापलं की त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात थर धरतात. बाहेरून रेडिएटर चकचकीत, आतून अर्धा बंद.

आठशेचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. मे महिन्यात तापमानाचा काटा वर चढलेला असताना "आलीच ना आता अमरावती" म्हणत गाडी दामटली, की हेड वाकतं आणि गॅसकेट उडतं. पाणी ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर दूध घातलेल्या चहासारखा फेस येतो. हेड फेसिंग, गॅसकेट आणि मजुरी धरून साधारण पाच-सात हजार जातात. तेवढ्यावर भागलं तर नशीब. रिंग-पिस्टनपर्यंत काम गेलं, तर पंधरा-पंचवीस हजार कुठे गेले नाहीत; आणि गाडी घेतलेली असते पन्नास-साठ हजारांत! हे सगळं टाळायला काय लागतं? कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, मिळून तीन-चार लिटर.

दुसरी वैरीण काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबरी रस्त्यालाही लाटा आणते. आठशेची चाकं बारा इंचांची, त्यामुळे प्रत्येक खड्डा तिला खोल. पुढून खडखड आली की लोक थेट शॉकअप बदलतात. माझ्या मते निम्म्या वेळा दोष लोअर आर्मच्या बुशांचा किंवा बॉल जॉइंटचा असतो, आणि तो काहीशे रुपयांत निघतो. चाकाच्या कमानीत चिकटून राहिलेला खारा चिखल मात्र पत्रा खातो. म्हणून गाडी घेताना पायाखालचं मॅटिंग उचलून बघावं. तिथे वेल्डिंगचे जोड असतील, तर नव्या रंगाला भुलू नये.

इतकं असूनही ही गाडी गावात टिकली कशी? 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली, तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आत होती. जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं, पण सुटे भाग अजून मिळतात. वॉटर पंप असो की क्लच प्लेट, अमरावतीला सकाळी गेलेला माणूस दुपारपर्यंत घेऊन परततो. शिवाय कार्बोरेटरची गाडी लिंबाखालचा मिस्त्रीही पाना-पेचकसावर चालू करून देतो. नंतरच्या एमपीएफआयला सेन्सर आले, तिथे हा थाट चालत नाही. अर्थात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे डायफ्राम त्यासाठी बनलेले नाहीत. पेट्रोलचा वास आला, की नळी आधी बदलावी.

मिस्त्रीपेक्षा आता कागद महाग पडतो. पंधरा वर्षं झाली की फिटनेस तपासून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. त्याचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झालं आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी 10,000. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे 2004 ची आठशे पन्नास हजारांना घेणाऱ्याने किमतीचा पाचवा हिस्सा निव्वळ नोंदणीसाठी बाजूला ठेवायचा.

तेव्हा सौदा करण्याआधी आरसी बुकावरची मुदत वाचा, आणि विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.